स्टुलावरच्या फोटोग्राफर बाई

मी स्वयंपाकघरातलं स्टूल बोलतोय. आजवर माझ्यावर चढून बोलणारे पुष्कळ झाले, आज माझी पाळी.

सुताराने मला उरल्यासुरल्या लाकडातून बनवलं. माप घेताना त्याचं लक्ष कुठे होतं देव जाणे, माझा एक पाय आखूड राहिला. आजींनी मला हलवून पाहिलं, सुताराची चांगली खरडपट्टी काढली आणि तरी मलाच घरी आणलं. तेव्हापासून वरच्या फळीवरचे डबे असोत नाहीतर बल्ब, हाक मलाच. कौतुक कधी कोणी केलं नाही.

मग लॉकडाऊन आला. त्यातच आजी न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण हॉस्पिटलात कोणालाच भेटायला सोडत नव्हते. डॉक्टर म्हणत, चाला; आजी उठायलाच तयार नाहीत. जेवणही अर्धं टाकत. मला फार वाईट वाटायचं. शेवटी नर्सने फोनवर सुचवलं, "आजोबांचा एखादा छान फोटो पाठवा. उशाशी लावते."

आता आजोबांचा छान फोटो आणायचा कुठून? गणिताचे निवृत्त मास्तर ते. कॅमेरा दिसला की चेहरा असा, जणू कोणीतरी कॉपी करताना सापडलंय!

सूनबाईंनी एका फोटोग्राफर बाईंना गाठलं. स्टुडिओ बंद, म्हणून बाई व्हिडिओ कॉलवरून सूचना देऊन फोटो काढत. आणि माझं नशीब फळफळलं. आखूड पायाखाली पुठ्ठा, माझ्यावर तीन डबे, डब्यांना टेकवलेला फोन.

"काका, खिडकीकडे तोंड करा. मान थोडी खाली. आता कॅमेऱ्यात बघा."

फोटो चांगला यावा म्हणून बाईंनी फोन उलटा ठेवायला लावला होता. त्यामुळे मागचा चांगला कॅमेरा आजोबांकडे आणि पडद्यावरचा बाईंचा चेहरा भिंतीकडे. बाई बोलल्या की आजोबा खुर्चीवरून उठत, मला वळसा घालून मागे जात, अदबीने "हो, हो" म्हणत आणि परत येऊन बसत. सात फोटो निघाले. सातही रिकाम्या खुर्चीचे.

"बाबा, तिथूनच बोला ना!" सूनबाई कळवळल्या.

"आणि पाठ फिरवलेल्या बाईंशी काय बोलू?"

तासाभराने आजोबा उठून तरातरा आत गेले. सगळ्यांना वाटलं, रुसले. पण ते आले हातात कप घेऊन.

"बाई केव्हाच्या आल्यात, कोणी चहा विचारला का?" असं म्हणून त्यांनी कप सरळ फोनपुढे धरला. मग स्वतःचा वेडेपणा लक्षात येऊन ओशाळले. बाई खो खो हसल्या. आजोबांनाही हसू आवरेना. तेवढ्यात बाईंनी फोटो टिपला. चहा माझ्यावर सांडला, पण त्या दिवशी मी कुरकुरलो नाही.

दुसऱ्या दिवशी आजींनी पहिल्यांदाच आपणहून फोन केला.

"एवढं हसून चहा कोणाला देत होतात?"

"अगं, त्या फोटो काढणाऱ्या बाईंना."

"पंचेचाळीस वर्षांत मला कधी दिलात?"

फोनमध्ये मागून नर्स ओरडत होती, "अहो आजी, हळू! वॉकर तरी धरा!"

आजी भांडण्याच्या भरात खाटेवरून उठून चालायला लागल्या होत्या.

आजी घरी आल्यापासून माझा मुक्काम त्यांच्या पलंगाशेजारी असतो. माझ्यावर त्यांची औषधं, आणि सकाळी आजोबांनी स्वतः केलेल्या चहाचा कप. पाणचट झालाय असं आजी रोज सांगतात आणि शेवटच्या घोटापर्यंत पितात. तेव्हा मंडळी, डबे काढायला दुसरं काहीतरी शोधा. मला इथून हलवू नका.