रुग्णाचा उजवा

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता मी सासऱ्यांना सांगून टाकलं, "बाबा, शुक्रवारी अकराच्या आत ॲप तयार असेल." ते मेणाच्या दाताला आकार देत होते. मान वर न करता म्हणाले, "घाई नको करूस." मी म्हटलं, "घाई कसली? मला येतं ते."

आमची दात बनवायची लॅब आहे. दवाखान्यांतून तोंडाची मापं येतात, त्यांवरून आम्ही प्लास्टरचे जबडे ओततो आणि त्यांत बसतील असे दात करून पाठवतो. खाली लॅब, वर घर. सासरे, माझा नवरा, दीर आणि कामाला नऊ माणसं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आमचं चाळीस वर्षं दातांवरच भरतंय. त्यातलं निम्मं काम एका मोठ्या हॉस्पिटलचं. तिथे नव्या मुख्य डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांचं पत्र आलं. यापुढे फोनवर आणि चिठ्ठ्यांवर ऑर्डर देणार नाही. ऑर्डर स्क्रीनवर भरता आली पाहिजे, काम कुठवर आलंय तेही तिथेच दिसलं पाहिजे. शुक्रवारी अकराला दाखवा, नाहीतर आम्ही दुसरी लॅब बघू. निम्मं काम गेलं तर नवातली चार माणसं घरी बसणार, हे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

पत्र वाचून झाल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? लग्नाआधी आठ वर्षं मी एका कंपनीचे सर्व्हर सांभाळलेत. लॅबमध्ये मला पाठीमागे हेडबाई म्हणतात, तेही मला ठाऊक आहे आणि त्याचाही मला फारसा राग येत नाही.

अडचण एकच होती. सर्व्हर आणि डेटाबेस मी डोळे मिटून उभे करीन, पण माणसांना समोर दिसते ती स्क्रीन माझ्या हातून धड होत नाही. ते काम धाकटीचं. धाकटी म्हणजे माझी जाऊ. तिचं शिक्षणच त्यातलं. आणि धाकटी सहा महिने माझ्याशी बोलत नव्हती.

त्याला कारण होतं. कधी कधी दात काढायच्या आधीच त्याच्या जागी बसवायचा दात आम्ही करून ठेवतो, म्हणजे माणूस दवाखान्यातून बोळका बाहेर पडत नाही. अशा वेळी प्लास्टरच्या जबड्यात सगळे दात जागच्या जागी असतात. कुठला कापून टाकायचा ते फक्त फॉर्मवरून कळतं. सहा महिन्यांपूर्वी हॉस्पिटलमधून अशी ऑर्डर आली आणि आमच्याकडून दात गेला भलत्याच बाजूचा. एका वकीलबाईंना चार दिवस ओठ मिटून कोर्टात बसावं लागलं. त्या दिवशी फोन धाकटीने घेतला होता. ती मोठ्याने सांगत होती आणि मी फॉर्म भरत होते. बोभाटा झाल्यावर मी सगळ्या लॅबसमोर तिला म्हणाले, "नीट ऐकता येत नसेल तर फोनला हात लावू नये." हॉस्पिटललाही तेच कळवलं. धाकटीने फोन खाली ठेवला, वर गेली आणि त्यानंतर माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. जेवताना मीठ हवं असलं तरी "बाबा, त्यांना मीठ द्यायला सांगा." मीही म्हटलं, ठीक आहे, नका बोलू. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभाव, पण त्या दिवशी माझं चुकलं असं मला मुळीच वाटत नव्हतं.

तर सोमवारी मी एक टेम्प्लेट उतरवून घेतलं. पाच दिवसांत पायापासून बांधायला बसण्याइतकी मी वेडी नाही. टेम्प्लेट म्हणजे तयार सांगाडा. एका फोल्डरमध्ये स्क्रीन, दुसऱ्यात सर्व्हर, डेटाबेसची सोय केलेली आणि मध्ये एक तिसरा फोल्डर, सामाईक. ऑर्डर म्हणजे काय, तिच्यात कोणकोणत्या गोष्टी असतात, हे त्या सामाईक फोल्डरमध्ये एकदाच लिहायचं आणि दोन्ही बाजूंनी ते पाळायचं. एकीने वेगळं धरलं तर गाडी सुरूच होत नाही. कमांड दिली, अकरा मिनिटांत नमुन्याचं पान पडद्यावर आलं आणि मी चहा टाकायला उठले.

धाकटीच्या लॅपटॉपवर मात्र कोरी पांढरी स्क्रीन. हे मला कळलं ते नोंदीतून. केलेला प्रत्येक बदल साठवताना त्यासोबत एक ओळ लिहावी लागते आणि ती दोघींना दिसते. तिने निव्वळ ती ओळ लिहिता यावी म्हणून कुठेतरी एक मोकळी जागा वाढवली आणि लिहिलं, "इथे काही दिसत नाही." मी एक मोकळी जागा कमी केली आणि लिहिलं, "पासवर्डची फाईल हवी. ती इथे ठेवत नाहीत." ती फाईल पेनड्राइव्हवर घातली आणि सासऱ्यांच्या हाती दिली. ते जिना चढून वर गेले, देऊन आले आणि म्हणाले, "एवढ्या वयात मला पोस्टमन केलंत." पण दुपारपर्यंत वरची स्क्रीन आणि खालचा सर्व्हर एकमेकांशी बोलू लागले. आम्ही दोघी नाही, तरी ते बोलत होते.

मंगळवारी गाडं अडलं. टेम्प्लेटमध्ये एक नियम आयता आलेला होता. सामाईक फोल्डरमधला बदल दुसरीने मान्य केल्याशिवाय आत जायचा नाही. मी ऑर्डरमध्ये दाताचा नंबर ठेवला होता, साधा दोन आकडी. धाकटीचं म्हणणं, नंबर नको. डॉक्टरने जबड्याच्या चित्रावर दात निवडायचा, मग स्क्रीनने शब्दांत विचारायचं, "रुग्णाचा उजवा, वरचा सुळा. बरोबर?" आणि हो म्हटल्यावरच ऑर्डर पुढे जायची. मला वाटलं, ही मला टोमणा मारतेय. मी लिहिलं, "उगाच वाढवलेलं काम." तिने लिहिलं, "उगाच नाही." तिने माझं मान्य केलं नाही, मी तिचं केलं नाही. संध्याकाळी सासरे दोघींकडे आळीपाळीने बघून म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला?" आणि दिवा मालवून वर गेले.

बुधवारी सकाळी मी तो नियमच बंद केला. प्रकल्पाची चावी माझ्याकडे होती. तिची स्क्रीन बाजूला सारली आणि नंबर निवडण्यापुरतं जबड्याचं चित्र मीच काढलं. गोलाई जरा बशीसारखी झाली, पण दात सोळा वर, सोळा खाली, दाबला की रंग बदलायचा. मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी वेगळं शिक्षण कशाला लागतं?

सासऱ्यांना तपासायला बसवलं. मी म्हटलं, "बाबा, समजा वरचा उजवा सुळा हवाय. निवडा." त्यांनी सवयीने बोट ठेवलं आणि खाली अक्षरं उमटली: वरचा डावा सुळा.

"हे तोंड कुणाचं गं?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं म्हणजे?"

"आरशातलं दिसतंय. डॉक्टर रुग्णाच्या समोर असतो. रुग्णाचा उजवा आपल्या डाव्या हाताला येतो. चित्र तसं काढतात." ते हसले. "नवीन माणूस हमखास इथेच चुकतो. धाकटीला मी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तू कधी दात करायच्या टेबलाशी बसलीच नाहीस."

मी "हो, बदलते" म्हणाले आणि हात थांबला. आमच्या जुन्या फॉर्मवरही जबड्याचं चित्र असतं. झेरॉक्सची झेरॉक्स करता करता कडेची उजवी-डावी अक्षरं कधीच उडून गेलीत. शब्द लिहायचे आणि चित्रातल्या दाताभोवती गोल करायचा. दात करणारा माणूस गोल बघतो, शब्द कोण वाचतो?

मी उठून कपाटातून सहा महिन्यांपूर्वीची फाईल काढली. फॉर्म सापडायला वेळ लागला नाही. फायली नीट लावाव्यात ही शिस्त माझीच. वर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, "रुग्णाचा उजवा, वरचा सुळा." म्हणजे धाकटीने अगदी बरोबर ऐकलं होतं आणि बरोबर सांगितलं होतं. खाली माझ्याच पेनाचा गोल, दुसऱ्या बाजूच्या सुळ्याभोवती. सहा महिने तो कागद माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होता आणि मी तो एकदाही उघडून पाहिला नव्हता. मला लाज वाटली. कानशिलं गरम होईस्तोवर लाज वाटली.

नियम पुन्हा चालू केला. धाकटीचा बदल जसाच्या तसा मान्य केला आणि नोंदीत लिहिलं, "माझं तोंड काढून टाकलं. तुझं बरोबर आहे." दहा मिनिटांनी तिची मान्यता आली, शब्दाविना. मग मी जिना चढले. ती खिडकीपाशी काम करत होती. मी दारात उभी राहिले, तोंड उघडलं आणि विचारलं, "कपडे वाळले का?" तिने बोटाने दोरीकडे दाखवलं. मी वाळलेले कपडे काढून घड्या घालून ठेवले आणि खाली आले. आठ वर्षं मी भल्याभल्या सर्व्हरांना उठवलंय, एवढं एक वाक्य मला उठवता आलं नाही.

गुरुवारी मात्र काम धावलं. सर्व्हर हॉस्पिटलमधून उघडेल असा इंटरनेटवर चढवला, माणसांना लॉगिन दिले, माप आल्यापासून दात रवाना होईपर्यंतचे सहा टप्पे लावले. नवऱ्याने आणि दिराने एकेक खोटी ऑर्डर भरून पाहिली. दुपारी चारला सगळ्या तपासण्या हिरव्या, म्हणजे पास झाल्या होत्या. दाखवायला मी आणि धाकटी जायचं ठरलं. निघताना तो फॉर्म मी पर्समध्ये ठेवला, पण त्याचं काय करणार हे मलाही माहीत नव्हतं.

शुक्रवारी अकराला डॉक्टरीणबाईंच्या खोलीत पाच माणसं होती. त्या, त्यांचे तीन डॉक्टर आणि भांडारातल्या बाई. धाकटी टॅब धरून उभी राहिली, मी बोलत होते. बोलण्यात मला कुणी हरवत नाही. ऑर्डर भरली, टप्पे दाखवले, माना डोलल्या. काम हातात आलंच होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "मी यायच्या आधी इथे भलत्याच बाजूचा दात आला होता म्हणे. तुमच्याकडे फोन घेणाऱ्या कुणी बाई होत्या, त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. त्या अजून तिथेच आहेत का?"

धाकटीने टॅबवरून नजर हलवली नाही. तिची बोटं मात्र टॅबच्या कडेवर घट्ट झाली.

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. आता फोनच नाही, त्यामुळे तो प्रश्नच मिटला. खरं उत्तर, गुळगुळीत, कुणी पुढे विचारलं नसतं. चार माणसांची कामं वाचली असती आणि आम्ही हसत घरी गेलो असतो. मी पर्स उघडली.

"त्यांनी बरोबर ऐकलं होतं," मी म्हणाले. "चूक माझी होती. हा फॉर्म. शब्द बघा, हे त्यांनी सांगितलेले. आणि हा गोल मी केलाय, उलट्या बाजूला. वर मी त्यांनाच सगळ्यांसमोर बोलले आणि तुम्हालाही तसंच कळवलं. त्या बाई या. माझी जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म उजेडात धरला. "हे तुम्हाला कळलं कधी?"

"परवा."

"आणि सांगताय आज? इथे? काम मिळायच्या आधी?"

"तिला सगळ्यांसमोर बोलले होते. मग हे घरात कानात सांगून कसं चालेल?" मी टॅबकडे बोट केलं. "तुम्ही आज पाहिलंत ना, स्क्रीन आधी शब्दांत विचारते आणि मगच ऑर्डर घेते, ते हिने घातलंय. मी नको म्हणत होते."

त्यांनी टॅब मागून घेतला. स्वतः एक ऑर्डर भरली आणि मुद्दाम उलट्या बाजूचा दात दाबला. स्क्रीनने विचारलं. त्यांनी नाही म्हटलं, योग्य दात निवडला, पुन्हा विचारलं गेलं, मग हो म्हटलं. टॅब त्यांनी धाकटीच्या हातात परत दिला, माझ्या नाही.

"सोमवारपासून सुरू करू," त्या म्हणाल्या. "आणि कधी स्क्रीन बंद पडून फोन करायची वेळ आली, तर फोन यांनीच घ्यायचा. दुसऱ्या कुणी नाही."

जिना उतरताना आम्ही दोघीच होतो. दुसऱ्या मजल्यावर धाकटी थांबली.

"ताई, माझा राग गेलेला नाही."

"माहीत आहे."

"सहा महिने मला वाटत होतं, मीच चुकीचं ऐकलं असेल. घरी फोन वाजला तरी छातीत धस्स व्हायचं. कुणी काही सांगितलं की मी दोनदा विचारायचे. त्यावरून हे हसतात मला."

"हे" म्हणजे माझा दीर. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "माझं चुकलं गं. फार चुकलं."

तिने मान हलवली आणि पुढे निघाली. मग बोलायला लागली. फोनचं, फॉर्मचं, मिठाचं, मी ढकललेल्या तिच्या स्क्रीनचं, मी काढलेल्या त्या बशीसारख्या जबड्याचं, सगळं एकेक करून. फाटकापाशी आलो, रस्ता ओलांडला, थांब्यावर उभ्या राहिलो, दोन बस सोडल्या. ती बोलत होती आणि मी ऐकत होते. मध्ये तीनदा माझ्याकडे अगदी बिनतोड उत्तर होतं. मी एकही दिलं नाही.