जहाल आणि सौम्य

१९७८ सालच्या श्रावणात, पाहुणे यायच्या आधी, केराआत्यानं महानंदाचा पाट भिंतीशी असा सरकवला की पोरीचा डावाच गाल समोर दिसावा.

"मान हलवू नगंस. उजवा गाल बघाय कोण भिंतीतनं यीत न्हाई."

उजवा गाल लालबुंद होता, त्याची सालपटं निघत होती. मुरुमांवर नवं औषध आलं होतं. सोलापुरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे दोन मलम दिले होते : उजव्या गालाला जहाल, डाव्याला सौम्य. इथल्या उन्हात कुठला मानवतो, ते त्यांना ताडून बघायचं होतं. आधी कातडी सोलेल, मुरूम वाढल्यासारखे वाटतील, पण मधेच सोडायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. महानंदानं शब्द दिला होता. मुरुमांपायी तिनं कॉलेज सोडलं होतं, आणि तिला पुन्हा उघड्या तोंडानं वर्गात बसायचं होतं.

लग्न ठरेपर्यंत मलम बंद ठेव, म्हणून आत्यानं डोकं खाल्लं होतं. पण महानंदाचे वडील मायाप्पा गिरणीत पहारेकरी असले तरी मूळचे सांगोल्याकडचे मेंढपाळ.

"नवा चारा आपुन बी आदी अर्ध्याच मेंढरांना घालतो की," ते बहिणीला म्हणाले. "मदीच कळप मिसळला तर काय कळणार?"

पाहुणे आले. डावा गाल पसंत पडल्याचं मुलाच्या आईच्या चेहऱ्यावर दिसलं. महानंदानं चहा दिला, पाट फिरवला आणि त्यांच्याकडं तोंड करून बसली.

"औषध चालू हाय," ती म्हणाली. "दोन गालांना दोन."

कळवतो म्हणून गेलेल्या पाहुण्यांनी काही कळवलं नाही.

दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी औषधाचा गुण दाखवायला डॉक्टरांच्या सभेत तिला उभं केलं, तेव्हा दोन्ही गाल सारखेच नितळ होते. उजवा आधी सुधारला होता, डावा मागून पण सुखानं. पुन्हा लावायची वेळ आली तर कुठला लावशील, असं एका वयस्क डॉक्टरांनी विचारलं.

"डावीकडचा."

"का गं? उजवा तर लवकर बरा झाला."

"घाई आमच्या आत्याला होती. मला न्हवती."

सभा हसली. दाराशी उभे असलेले मायाप्पा शेजारच्या शिपायाला म्हणाले, "माझी ल्येक हाय."

डॉक्टरीणबाई पुढं प्रत्येकाला आधी सौम्य मलमच देत राहिल्या. मायाप्पांनी ती सभा सांगोल्यातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना ऐकवली आणि मगच डोळे मिटले. महानंदा बी. ए. झाली, टेंभुर्णीच्या शाळेत मास्तरीण झाली. लग्न केलं तेही सावकाश, आणि मुलगा बघायला ती स्वतः गेली. केराआत्या खूप जगली. नजर गेल्यावर ती भाचीच्या दोन्ही गालांवरून हात फिरवायची आणि विचारायची, "जहाल कुटल्या बाजूला हुतं गं?"

महानंदा दर वेळी वेगळा गाल सांगायची.