बैलाचा कान

थोरला भाऊ वारला आणि खारितॉन घराण्यात सगळ्यांत वडील ठरला. व्लादिकाव्काझच्या ट्राम डेपोत जन्म काढून म्हातारपणी खोऱ्यातल्या गावी परतलेल्या माणसावर हे संकटच कोसळलं. उआस्तिर्जी देवाच्या सणाला वडीलधाऱ्याने पंगतीच्या टोकाला उभं राहून, हातात पेला धरून प्रार्थना म्हणायची असते. तीही आमच्या ओसेती भाषेत. खारितॉनची रशियन लोण्यासारखी. ओसेती म्हणाल तर "बस", "भाकर आण" आणि "गप्प राहा". एवढ्यावर देव प्रसन्न होत नाही.

आमच्याकडे अलानांचा अभिमान मात्र उतू चाललाय. अलान म्हणजे आमचे वाडवडील. रोमच्या फौजांना त्यांनी ज्या भाषेत शिव्या घातल्या, ती आता मेली. एका थडग्याच्या दगडावर ग्रीक अक्षरांत तिच्या मोजक्या ओळी उरल्या. दूरदेशी गेलेले अलान तिथल्याच भाषा गिळून बसले. त्या भाषेची एक लेक तेवढी या डोंगरांत जगली, ती म्हणजे ओसेती. आणि आम्ही काय केलं? पाण्याच्या बाटलीवर अलान, टॅक्सीवर अलान, दंडावर गोंदलेला अलान, आणि पोराला शेंबूड पुसायला सांगायचं ते रशियनमध्ये!

तर खारितॉनचा चुलतभाऊ सावकुझ, वयाने जेमतेम धाकटा, वडीलधाऱ्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून होता. रोज कुंपणापाशी येऊन टोचायचा.

"रशियनमध्ये बोललास तर उआस्तिर्जीला घोड्यावरून उतरून दुभाष्या शोधावा लागेल रे! नसेल जमत तर सरक. मी बसतो."

"तू बसशील माझ्या मढ्यावर," खारितॉन म्हणायचा. तेही रशियनमध्ये.

घरात अस्सल ओसेती येत होती ती एकट्या सुनेला. आझाऊ वरच्या गावची. आजोबांच्या मांडीवर प्रार्थना ऐकत वाढलेली. पण सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, ही रीत. सासरा चारचौघांत तिला भेटवस्तू देतो, तेव्हा तिची जीभ सुटते. लग्नाला तीन वर्षं झाली तरी खारितॉनने भेट दिली नव्हती. विसरला म्हणा, नाहीतर घरातली शांतता आवडत होती म्हणा.

आता ती शांतता त्याच्या गळ्याशी आली. शेवटी तो गोठ्याबाहेर ओंडक्यावर बसला आणि कुत्र्याला मोठ्याने म्हणाला, "काय रे, या घरात कुणाला प्रार्थना येते का?"

आत आझाऊ धार काढत होती. ती गाईला म्हणाली, "ऐक गं बये. माझे आजोबा असं म्हणायचे…"

रोज हेच. ती गाईला एक ओळ सांगायची, तो कुत्र्याला म्हणून दाखवायचा. चुकला की आतून आवाज यायचा, "मेले, जीभ आहे की जोड्याचा तळ? पुन्हा म्हण!" गाय बिचारी रवंथ करत राहायची. कुत्रा मात्र खारितॉनकडे संशयाने बघायला लागला.

सणाचा दिवस उजाडला. खारितॉनसमोर चीजच्या तीन पोळ्या आणि कापलेल्या बैलाचं शिजवलेलं डोकं. सगळे पुरुष उभे राहिले. पहिली प्रार्थना थोरल्या देवाची. ती तो अशी खणखणीत म्हणाला की सावकुझचा चेहरा उतरला. "ओम्मेन!" पंगत गरजली, म्हणजे तथास्तु.

मग दुसरी. खारितॉनने पेला उंचावला. "हे पुरुषांच्या देवा…"

कुणीच ओम्मेन म्हणेना.

उआस्तिर्जीचं नाव आमच्या बायका कधी घेत नाहीत. त्या त्याला 'पुरुषांचा देव' म्हणतात. पुरुषाने असं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"खारितॉन," सावकुझ गोडगोड आवाजात म्हणाला, "डोक्याला बायकांचा रुमाल बांधायचा राहिला की रे!"

पंगत हसून हसून वाकली. खारितॉनचे कान लाल झाले. 'भावाने शिकवलं, त्याचीच चूक' असं सांगता आलं असतं. मेलेला भाऊ थोडाच उठून भांडणार होता? ते वाक्य ओठांवर आलंही होतं. त्याने ते गिळलं.

"आझाऊ!" त्याने स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली. "इकडे ये, पोरी."

ती पिठाच्या हातांनी दारात आली, मान खाली घालून. खारितॉनने मनगटावरचं घड्याळ काढलं, डेपोने निरोपाच्या दिवशी दिलेलं, आणि तिच्या हातात ठेवलं.

"हिने मला शिकवलं," तो मोडक्यातोडक्या ओसेतीत म्हणाला. "आजपासून हिची जीभ मोकळी. बोल."

आझाऊने वर पाहिलं. "मामंजी, बाकी सगळं ठीक होतं. तेवढं एक नाव मला घेता येत नाही, ते तुमचं तुम्ही घ्या. आणि पोक काढू नका. आपली गाय याहून ताठ उभी राहते."

खारितॉन ताठ झाला. "हे उआस्तिर्जी!" तो गरजला, आणि शेवटपर्यंत अडखळला नाही. ओम्मेनने खिडक्या थरथरल्या. त्यात सावकुझचाही आवाज होता. चरफडत, पण होता.

मग खारितॉनने सुरीने बैलाचा कान कापला. हा कान वडीलधारा तरुणांना देतो, थोरांचं ऐका म्हणून. खालच्या टोकाच्या पोरांनी हात पुढे केले.

"थांबा रे," खारितॉन म्हणाला. "अजून निम्मी भाषा मलाच ऐकायचीय."

त्याने कान स्वतःच्या तोंडात टाकला. चिवट होता. तो बराच वेळ चावत बसला, आणि तेवढ्या वेळात आझाऊने त्याला तीन वर्षांचं साठलेलं सगळं सांगायला सुरुवात केली.