आधी सिस्टरला फोन

ऑफिसात सगळे त्याला जावईबापू म्हणत, कारण आधीची नोकरी सुटल्यापासून तो बायकोमुलीसह सासुरवाडीत मुक्काम ठोकून होता. ही नोकरी लागली तेव्हा त्याच्यापेक्षा सासऱ्यांनाच जास्त हायसं वाटलं.

काम होतं साता समुद्रापलीकडच्या एका इस्पितळाचे संगणक इथून सांभाळायचं. तिथे ते काम वर्षानुवर्षं करणाऱ्या बाईंना नारळ मिळाला होता, आणि जाण्याआधी यालाच शिकवून जा, अशी वर अटही. म्हणजे आपल्या तोंडचा घास आपल्याच हाताने दुसऱ्याला भरवायचा! तो त्यांना ताई म्हणू लागला, पण पडद्यावर नजरेला नजर देववेना.

सरावातच त्याने घोळ घातला. कंपनीच्या लेखी सूचनांबरहुकूम देखभालीसाठी यंत्रणा थोडा वेळ बंद केली, आणि तिकडे वॉर्डात ऐन औषधांच्या वेळी पडदे काळे झाले. सिस्टर खवळल्या. साहेबांनी विचारलं, "चूक कोणाची?"

"माझी," ताई म्हणाल्या. "आधी सिस्टरला फोन करायचा असतो. मी सांगायला हवं होतं."

खरं तर त्यांनी दोनदा सांगितलं होतं. सूचनांत नाही म्हणून यानेच कानाआड केलं होतं.

"ताई, तुम्ही का अंगावर घेतलंत?"

"मी जाणारच आहे हो. तुम्हाला राहायचंय."

ताई गेल्या. पहिल्यांदा एकट्याने यंत्रणा बंद करायची वेळ आली, तेव्हा साहेब पाठीशी उभे होते. आता चुकलं की घरी. त्याने फोन लावला आणि अडखळत म्हणाला, "सिस्टर, मी संगणकाकडून..."

आता ही फोन आपटणार, त्याला वाटलं.

"तुम्हीच का ते जावईबापू?" सिस्टर म्हणाल्या. "ताई सांगून गेल्यात, नवा आवाज येईल, अडखळेल, पण फोन ठेवू नका, माणूस चांगला आहे. थांबा, औषधं देऊन होऊ देत... हं, करा आता बंद."

पडदे पुन्हा उजळले तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. साहेब वळताच त्याने ताईंना फोन केला.

"ताई, तुमचे उपकार कसे..."

"ते राहू द्या. सिस्टरची कंबर कशी आहे? विचारलंत?"

"नाही हो."

"आधी ते विचारायचं, मग काम सांगायचं."

त्याला हसू आलं आणि डोळेही भरले. "ताई, तुम्हाला कुठे काम मिळालं?"

"शोधतेय," ताई म्हणाल्या. "पण सिस्टरनं फोन उचलला ना? मग झालं."