बरणीतली कात

सभागृहाच्या व्यासपीठावर लांबलचक टेबल, त्यावर पांढरी चादर आणि चादरीवर ओळीने चाळीसेक काचेच्या बरण्या. प्रत्येक बरणीत पाणी आणि पाण्यात तपकिरी-हिरवट, लिबलिबीत, दोरासारखं काहीतरी. मुलांच्या पोटातून शौचावाटे पडलेलं. आयांनी ते चिमट्याने उचलून, धुऊन, बरणीत भरून आणलं होतं आणि आता पुढच्या रांगांत बसून त्या आपापली बरणी ओळखत होत्या. "ती तिसरी माझी," एकीने शेजारणीला सांगितलं, ते अशा सुरात की वाटावं, मुलाचा स्पर्धेत तिसरा नंबर आलाय.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं नोकरी करते. लोकांच्या शौचाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि हात धुऊन निवांत डबा खायचा, हा माझा रोजचा क्रम. त्या दिवशी मात्र मला किळस आली, आणि ती बरण्यांमागे उभ्या असलेल्या माणसाची.

त्याला सगळे 'सर' म्हणत. कशाचे सर, ते कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरसारखा पांढरा कोट, कॉलरला माइक, आवाज मधाळ.

"मातांनो, पोट हा आपला दुसरा मेंदू! विज्ञान सांगतंय हे. पोटातले जंतू मेंदूशी बोलतात. आणि तुम्ही काय केलंत? बाळ जरा शिंकलं की ओतलं अँटिबायोटिक! जंतू मेले. औषध आतड्याला चिकटलं, कुजलं आणि मेंदूत चढलं. म्हणून मूल बोलत नाही, एका जागी बसत नाही. कुणामुळे? हात वर करा, पहिल्या वर्षात कुणी कुणी दिलं होतं?"

सगळे हात वर. पहिल्या वर्षात एकदाही अँटिबायोटिक न घेतलेलं मूल त्या गर्दीत सापडलं असतं, तर तोच चमत्कार म्हणायला हवा होता. पण सर "बघा!" म्हणाले आणि सभागृह हळहळलं. माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण बसली होती. तिचाही हात वर होता आणि ती रडत होती.

तिचा मुलगा साडेतीन वर्षांचा. आम्ही त्याला ढब्बू म्हणतो. जन्मला तेव्हा ओंजळीत मावेल एवढा होता, नंतर दूध पिऊन टम्म झाला. जन्मानंतर चौथ्याच दिवशी त्याच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला होता. चौदा दिवस सुईतून अँटिबायोटिक चाललं आणि तो वाचला. आता पाच-सहा शब्दांपलीकडे बोलत नाही. का, ते नक्की माहीत नाही, असं त्याच्या डॉक्टरीणबाई सरळ सांगतात. स्पीच थेरपी सुरू होती, ती सरांनी बंद करायला लावली. आधी म्हणे पोटातून 'औषधाची कात' निघू दे, सापाची निघते तशी. ती काढायला ते एक पूड द्यायचे, दोन वेळा पाण्यातून घ्यायला.

मग सर एकेक बरणी उचलून वाचू लागले. हो, वाचू लागले! "ह्या वळ्या पाहा, आतड्याचा ठसा. हे दीड महिन्यावर दिलेलं औषध. मुलगा हट्टी आहे ना?" आईचा हुंदका. तीन वर्षांचं कुठलं मूल हट्टी नसतं हो?

आठवड्याने सकाळी लॅबला जाताना बहिणीकडे डोकावले. ढब्बूचं अंग भाजत होतं, खोकून चेहरा लाल झाला होता. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी न्यूमोनियाची सुरुवात सांगून अँटिबायोटिक लिहून दिलं होतं. बहिणीने बाटली आणली होती, पण उघडली नव्हती.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"पुन्हा तेच विष देऊ? सर दुपारी तीनला बसणार आहेत. ते म्हणाले तर देते."

मी बाटली घ्यायला गेले, तर तिने ती छातीशी धरली. "तू आई नाहीस, ताई. तुला नाही कळायचं."

ते फार लागलं. पण भांडायला वेळ नव्हता. मी ढब्बूचे श्वास मोजले. वेग अजून हाताबाहेर गेला नव्हता. श्वास वाढला तर सरळ रुग्णालयात न्यायचं, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलं आणि ओट्यावरच्या डब्यातली मूठभर पूड घेऊन निघाले.

सूक्ष्मदर्शकाखाली काहीच गूढ नव्हतं. इसबगोलाचा भुसा, चिकणमाती, थोडी कोळशाची भुकटी. इसबगोल पाण्यात फुगून गिळगिळीत होतो, माती त्याला घट्ट करते, कोळसा रंग देतो.

आमच्या कामात एक शिस्त असते. तपासणी करताना एक नळी रिकामी चालवायची. म्हणजे रसायनं सगळी घालायची, रुग्णाचा नमुना तेवढा घालायचा नाही. त्या नळीतही रंग आला, तर रंग रसायनाचाच. तेव्हा मला हवं होतं मुलाशिवायचं आतडं. माझ्या गाडीच्या डिकीत वॉशिंग मशीनचा वळ्यावळ्यांचा नवाकोरा पाइप पडून होता. त्याचा वीतभर तुकडा कापला, एक तोंड बुजवलं, कालवलेली पूड ठासून भरली आणि शरीराच्या तापमानाला लावलेल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवला. चार तासांनी पाइप उभा चिरला. आतून अख्खी कात निघाली, वळ्यांसकट. मी ती बरणीत घातली आणि तीनच्या आत सभागृहात नेऊन सरांच्या टेबलावर इतर बरण्यांत ठेवली.

बहीण पहिल्या रांगेत होती, खांद्यावर ढब्बू. सरांनी त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप? अभिनंदन! विष बाहेर पडतंय. आता अँटिबायोटिक दिलंत, तर सगळी मेहनत पाण्यात!"

बहिणीने माझ्याकडे असं पाहिलं की झालं ना समाधान. तेवढ्यात सर माझ्या बरणीपाशी आले.

"वा! ह्याला म्हणतात कात! पहिल्याच आठवड्यातलं औषध. मुलगा आहे. तापट. गरगर फिरतो, हो ना? आई कुठे आहे?"

मी उभी राहिले. "गरगर फिरतं, खरंय. ते माझं वॉशिंग मशीन आहे."

मी चिरलेला पाइप वर धरला आणि कात त्यात बसवून दाखवली. वळीला वळी जुळली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तुम्हाला औषध कंपन्यांनी पाठवलंय!" सर ओरडले.

"असेल. पण तुम्ही आत्ता एका पाइपाला तापट म्हणालात, त्याचं काय?"

पुढच्या एका आईने आपल्या पाण्याच्या बाटलीत पिशवीतली सरांची पूड टाकली आणि हलवली. पाच-दहा मिनिटांत बाटलीत लगदा फुगला. ती बघत राहिली. "म्हणजे मी रोज सकाळी हाताने जे शोधत होते..."

"ते तुम्हीच आदल्या दिवशी पाजलेलं होतं," मी म्हटलं. ती तोंडावर पदर धरून बाहेर धावली.

सर म्हणाले, "ज्यांचा विश्वास आहे, त्यांनी थांबा." आणि दहा-बाराजणी थांबल्या! माझं काय चुकलं, हा प्रश्न आईला आतून पोखरत असतो. त्या जखमेवर दुकान मांडणाऱ्या माणसाइतकी घाण मी कुठल्याही नमुन्यात पाहिलेली नाही.

बाहेरच्या बाकावर बहिणीने विचारलं, "मग पोट आणि मेंदूचं सगळं खोटंच?"

"नाही. तेवढंच खरं होतं, म्हणून तर फसलात. पोटातल्या जंतूंचा आणि मेंदूचा संबंध असतो. अँटिबायोटिकने ते जंतू विस्कटतात, तान्हेपणी जास्तच. पुढे त्याचा किती परिणाम होतो, ते अजून शोधतायत. उंदरांवर काही दिसलंय, माणसांचं नक्की ठरलेलं नाही. म्हणूनच साध्या सर्दीला ते देऊ नये. पण औषध आतड्याला चिकटून वर्षानुवर्षं राहत नाही गं."

"तेव्हा दिलं नसतं, तर हा बोलला असता?"

"माहीत नाही. तेव्हा दिलं नसतं, तर हा उरलाच नसता."

मग तिने पिशवीतून अँटिबायोटिकची बाटली काढली, सील फोडलं, ढब्बूच्या थर्मासमधलं उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत ओतलं आणि बाटली हलवत राहिली, हलवतच राहिली. शेवटी मीच माप भरलं. पाजलं मात्र तिने.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. थेरपीही पुन्हा सुरू झाली. ढब्बू बोलेल का, ते मला माहीत नाही. नक्की बोलेल, असं छातीठोकपणे सांगणारा कुणी भेटला, तर त्याला पुरावा मागा. अँटिबायोटिक लिहून देणाऱ्या डॉक्टरलाही विचारा, हे कशासाठी? आणि कारण पटलं, तर ठरलेले सगळे दिवस द्या. पांढऱ्या कोटाला विचारा, मोठ्या बहिणीला विचारा, मलाही विचारा. विचारल्याचा ज्याला राग येतो, त्याच्या हातून मुलाला पाणीसुद्धा पाजू नका.