भुलीच्या बाटलीला भरलेली धडकी

मी एक जुनी, निम्म्याहून अधिक रिकामी झालेली औषधाची बाटली आहे. मित्रांनो, माझ्या पोटातल्या पाण्यासारख्या औषधाला लिग्नोकेन म्हणतात. कारखान्यात मला रबराचं बूच बसवलं आणि एका लहानशा दवाखान्यात माझी रवानगी झाली.

फुटलेल्या हनुवटीला टाके घालायचे असोत की रुतलेलं नख काढायचं असो, ती जागा बधिर करायला डॉक्टरीणबाईंना मीच लागायचे. माझी भावंडं दातांच्या दवाखान्यात दाढा बधिर करतात. मोठ्या इस्पितळात कधी बेभान धावणारं हृदयही ताळ्यावर आणतात. "काही कळलंच नाही!" असं कुणी म्हणालं, की मी मनातून फुलायचे. पण माझं भय मलाच ठाऊक होतं. माझं औषध मांसात गेलं तर गरीब. भसकन रक्तात शिरलं, तर मेंदूत जाऊन धिंगाणा घालतं.

एका दुपारी काचा बसवणारा एक धिप्पाड कारागीर आला. तावदान निसटून त्याचा हात कोपरापासून खाली फाटला होता. सोबत थोरली बहीण होती. सुई पाहताच गडी पांढराफटक पडला.

"ताई, नको गं! तसंच शिवायला सांग."

"एवढा घोडा झालास नि सुईला घाबरतोस? गप्प पड."

डॉक्टरीणबाईंनी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, ते पाहिलं आणि औषध सोडायला लागल्या. तेवढ्यात त्याने हात हिसडला. सुई सरकली आणि औषध थेट शिरेत गेलं!

कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मी ट्रेमध्ये नुसती थरथरत होते. त्याचे ओठ हलले, पण बहिणीकडे बघून त्याने ते मिटले. सांग रे बाबा, सांग!

नर्सबाई वाकल्या. "दादा, काही होतंय का?"

"काही नाही... म्हणजे, लोखंड चाटल्यासारखं लागतंय. कानात शिट्टी वाजतेय."

"नाटकं नुसती!" बहीण म्हणाली.

"थांबा, बोलू द्या त्यांना." डॉक्टरीणबाईंनी सुई केव्हाच काढली होती. प्राणवायू लावला, सलाईन सुरू झालं. त्याचे ओठ थडथडू लागले, डोळे फिरले. बहिणीचं अवसान गळालं. "राजा, माझ्याकडे बघ रे!" आपण आत्ताच फुटून जावं, असं मला वाटलं.

हळूहळू थडथड ओसरली. त्याने डोळे उघडले. "ताई, रडतेस काय?" ती त्याचा चांगला हात धरून बसली.

टाके मग मोठ्या इस्पितळात घातले. काही दिवसांनी तो पाची बोटं हलवून दाखवायला आला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, माझी मुदत संपत आली आहे. एवढंच मागणं आहे: सुई टोचताना हलू नका आणि काही वेगळं वाटलं तर लगेच सांगा. जवळ बसलेल्या मोठ्यांनो, तुम्हीही ते ऐकून घ्या. त्या दुपारी तो लाजून गप्पच राहिला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला आजही धडकी भरते.