यादीतून सुटलेली लायब्ररी

तिने जुन्या सर्व्हरवरचा इन्स्टॉलेशनचा लॉग, म्हणजे मशीनने आपोआप ठेवलेली नोंद, उघडला आणि खालून वर वाचायला घेतला. दुपारी हा सर्व्हर बंद व्हायचा होता. त्याआधी त्यावर कुणी कधी काय हाताने बसवलं, ते सगळं यादीत उतरवायचं होतं. प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मशीनवर जातो तो पाहुण्यासारखा, आणि पाहुण्याला सगळं हातात लागतं. तिथे आधीपासून असायला हवी ती एक लायब्ररी, म्हणजे त्याला लागणाऱ्या तयार कोडचा गठ्ठा, नसली की स्वारी रुसून बसते.

सहा वर्षांपूर्वी अशीच एका इस्पितळात रुसली होती. चाचण्यांचे अहवाल छापायची लायब्ररी तिथल्या मशीनवर नव्हती. इथल्या सर्व्हरवर होती, म्हणून इथे सगळं सुरळीत चाललं. तिथे दीड दिवस एकही अहवाल निघाला नाही. यादीत त्या लायब्ररीचं नावच नव्हतं, आणि यादीखाली सही बापूंची होती.

बापू तिचे वरिष्ठ. हे काम तिला त्यांनीच शिकवलेलं. ‘हाताने काही बसवलंस की आधी यादीत लिही, मग चहाला ऊठ,’ हे त्यांचं रोजचं पालुपद. बैठकीत साहेबांनी सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडलं. बाकीचे मूग गिळून बसले. तीही बसली. आठवड्याभरात बापू घरी गेले आणि त्यांच्या खुर्चीत ती आली.

ती ओळ सापडली. छपाईची लायब्ररी, सहा वर्षांपूर्वीचा एक सोमवार, अकरा वाजून दहा मिनिटं. बसवणाऱ्याच्या रकान्यात तिचं स्वतःचं नाव.

तिला नवल वाटलं नाही, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. सहा वर्षांत हा लॉग उघडायला तिला कधी सवड झाली नव्हती, ती काही उगाच नाही.

तिने फोन लावला.

“बापू, मी बोलतेय.”

“बोल गं. आज बरी आठवण झाली.”

“ती छपाईची लायब्ररी... मी बसवली होती. लिहायची राहिली माझ्याकडून.”

“हो. इस्पितळातलं काम अडलं, त्याच दिवशी मी लॉगमध्ये पाहिलं होतं.”

“मग बैठकीत बोलला का नाहीत?”

“तू समोरच होतीस. म्हटलं, आत्ता बोलेल, मग बोलेल.” बापू म्हणाले. “आणि आज मला कशाला सांगतेस? मला तर ठाऊकच होतं.”

दारात साहेब येऊन उभे राहिले. तेच साहेब, केस तेवढे पिकलेले.

“काय गं, चेहरा का असा? लॉगमध्ये काही निघालं का?”

फोन चालूच होता. पलीकडे बापूही ऐकत होते.

“नाही सर,” ती म्हणाली, “विशेष काही नाही.”